पालथ्या होडीचा नकाशा

त्या गावात वाट विचारायची तर आधी गावाचा इतिहास पाठ पाहिजे. "मोठ्या झाडापाशी डावीकडे वळा," असं तुम्हाला कुणीही सांगेल. ते झाड वादळात पडलं आणि त्याच्या लाकडाची कपाटंसुद्धा आता जुनी झाली, हे मात्र कुणी सांगणार नाही. "गिरणीवरून सरळ" म्हणजे जिथे हल्ली गाड्या धुतात तिथून सरळ. "पोस्टाच्या मागे" म्हणजे केस कापायच्या दुकानाच्या मागे, कारण पोस्ट केव्हाच दुसरीकडे गेलं. पार्सलं पोचवणारी नवी माणसं मोटारसायकलवर गरागरा फिरत राहतात आणि गावकरी ओट्यावर बसून म्हणतात, "काय ही हल्लीची पोरं! साधी वाट सापडत नाही."

यात लबाडी नाही. गावाला जे एकदा आवडलं ते गाव सोडत नाही, इतकंच.

आणि नदी कशी ओलांडायची? "होडीनं उतरा की!" हे उत्तर सगळ्यात पक्कं. आता ही होडी होती कुठे म्हणाल, तर कप्तानबाईंच्या मागच्या अंगणात, विटांवर पालथी. तिच्या पोटाखाली मास्तरांच्या कोंबड्या राहत होत्या.

कप्तानबाई म्हणजे गावच्या होडीवाल्या. होडी मूळ त्यांच्या वडलांची. वडलांना मुलगा नव्हता, पण त्याबद्दल हळहळायला लेकीनं त्यांना सवडच दिली नाही. शाळेत असताना एकदा वडील तापानं पडले, तर ही पोरगी दप्तरासकट होडीत चढली, बाजाराला निघालेली सगळी माणसं पैलतीरी सोडली, आणि मग शाळेत गेली. बाईंनी विचारलं, "उशीर का?" तर म्हणाली, "तुमचीच भाजी आणत होते." तेव्हापासून तिचं नाव कप्तान पडलं. पुढे वय वाढलं तसं त्याला 'बाई' जोडलं गेलं, बाकी फरक काही पडला नाही. आवाज असा की पैलतीरावरच्या माणसाला हाक मारली की ऐलतीरावरची गुरं उठून उभी राहायची. नम्रता हा गुण काही त्यांच्या वाट्याला आला नाही, आणि त्यांनी तो कधी मागितलाही नाही.

मास्तर हे त्यांचे यजमान, पेशानं शिंपी. पाण्याला इतके भितात की बादलीतसुद्धा वाकून बघणार नाहीत. तरुणपणी शिवलेले कपडे पोचवायला ते दर आठवड्याला नदीपलीकडून यायचे, होडीच्या तळाशी गाठोडं कवटाळून डोळे गच्च मिटून बसायचे. एक दिवस भर नदीत त्यांनी डोळे उघडले आणि लग्नाचं विचारलं. "नाही म्हटलं असतं तर पोहत जावं लागलं असतं बिचाऱ्याला," असं कप्तानबाई अजून चारचौघांत सांगतात, आणि मास्तर अजून लाजतात.

मग वरच्या अंगाला पूल झाला. पुलाच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नव्हता, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला पूलच लागतो हे कप्तानबाईंनाही कळत होतं. लोक बसमध्ये बसायला लागले. होडीत आधी दहा, मग चार, मग एक म्हातारा माणूस, तोही गप्पा मारायला. तो गेला त्या वर्षी त्यांनी होडी ओढून अंगणात आणली आणि पालथी घातली. फार वाईट वाटलं त्यांना. दोन दिवस कप्तानबाई घरात हळू आवाजात बोलत होत्या. मास्तर घाबरून डॉक्टरांना बोलवायला निघाले होते.

पुढे पालथ्या होडीखाली कोंबड्या आल्या आणि त्यांनी तिथे संसार मांडला. तरी कप्तानबाई दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला होडीला डांबर लावायच्या. "होडी पाण्यात जाणार नाही, मग डांबर कशाला?" असं मास्तर विचारायचे. "तुमच्या कोंबड्या भिजू नयेत म्हणून," असं उत्तर मिळायचं. मास्तर समजायचे ते समजायचे आणि डांबराचा डबा धरून उभे राहायचे.

अशात एक दिवस कप्तानबाईंची भाची आली. धाकट्या बहिणीची मुलगी, शहरात वाढलेली, नुकतीच नोकरीला लागलेली. तिचं काम असं की खेड्यापाड्यांतल्या जुन्या वाटा, विहिरी, कोरीव दगड, भट्ट्या हे सगळं मोबाइलवर दिसणाऱ्या नकाशात आणायचं. नकाशा बघून लोक पायी फिरायला येणार, गावात राहणार, जेवणार, काहीबाही विकत घेणार. पडझड झालेल्या जागांची डागडुजी होणार. तिनं निवडली होती जुनी बाजारवाट. पैलतीरावरच्या बाजाराच्या टेकडीवरून निघायचं, पायऱ्यांच्या विहिरीवरून नदीकडे उतरायचं, आणि या गावातून चुन्याच्या भट्टीला वळसा घालून कोरीव दगडांच्या माळापर्यंत चढायचं. कितीतरी पिढ्या डोक्यावर ओझी घेऊन या वाटेनं चालल्या होत्या. आता तिच्यावर फक्त झुडपं होती.

भाचीनं मास्तरांच्या दुकानात, कापड कापायच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. आणि काय सांगावं, सगळं गाव लोटलं. एरवी पायजम्याची नाडी घालून घ्यायलाही न फिरकणारी माणसं कपबशी हातात धरून नकाशावर बोट ठेवायला लागली. "इथे आमच्या आजोबांची भट्टी." "इथे मोठं झाड." "इथे गिरणी, भोंगा लिही भोंगा!" मास्तर कात्री हातात घेऊन कोपऱ्यात उभे, कारण कापायला जागाच नव्हती. भाची भराभर खुणा करत होती. नदीचं विचारलं तर एकजात सगळे म्हणाले, "होडी आहे की! आमच्या कप्तानबाई नेतात."

'नेतात' म्हणाले. 'नेत होत्या' असं एकानंही म्हटलं नाही.

भाचीनं मावशीच्या अंगणातली होडी बघितली होती. पण कोंबड्यांचं खुराडं झालेली ही जुनी असणार, चालती दुसरी घाटावर असणार, असं तिनं धरून चाललं. ऐलतीरावरची वाट ती एका आठवड्यात चालली, पैलतीरावरची दुसऱ्यात, तिकडे बसनं जाऊन. मधली नदी तिनं लोकांच्या शब्दावर सोडली.

नकाशा तयार झाला तो दिवस. दुकानात दोघीच होत्या. पडद्यावर टेकडी, विहीर, वळणं घेत आलेली लाल रेघ, मग निळी नदी. नदीवर ती रेघ ठिपक्याठिपक्यांची झाली होती, आणि ठिपक्यांच्या मधोमध एक इवलीशी होडी काढलेली होती. कप्तानबाई बघतच राहिल्या. इतक्या वर्षांनी त्यांची होडी पाण्यावर होती, आणि सुलटी होती.

"मावशी, हे बरोबर आहे ना?" भाचीनं विचारलं.

खरं सांगायला तोंड उघडलंच होतं त्यांनी. पण तोंडातून आलं, "अगदी बरोबर."

खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. त्या दिवसापासून कप्तानबाईंना जेवण गोड लागेना. त्यातच दोन बातम्या एका आठवड्यात येऊन थडकल्या. पहिली भाचीनं नाचतनाचत आणली: नकाशा वरच्यांना पसंत पडला होता, पुढच्या आठवड्यात एक पाहणीच्या बाई येऊन सगळी वाट स्वतः चालून बघणार होत्या. वाट नकाशाप्रमाणे निघाली तर मंजूर, नाहीतर यादीतल्या दुसऱ्या खोऱ्याचा नंबर. दुसरी बातमी मास्तरांनी भीतभीत सांगितली. नदीपलीकडच्या हॉटेलवाल्यांना होडी हवी होती. दारात ठेवून, माती भरून, तिच्यात फुलझाडं लावणार होते. बदल्यात कोंबड्यांसाठी जाळीचं नवंकोरं खुराडं देणार होते. येत्या रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाले, आणि मास्तरांनी "बघू" म्हटलं होतं. हॉटेलवाल्यांच्या भाषेत "बघू" म्हणजे "हो".

"फुलझाडं?" कप्तानबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि मागच्या अंगणात जाऊन होडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग तशाच भाचीकडे गेल्या.

"अगं, ती होडी चालत नाही," त्यांनी सांगून टाकलं. "पूल झाल्यापासून बंद आहे. अंगणातली आहे तीच. मला तेव्हाच कळलं होतं, पण नकाशात ती इतकी छान दिसत होती, की माझ्यानं बोलवेना."

भाची मटकन खाली बसली. "मावशी! अगं, नोकरीतलं माझं पहिलं काम! आणि मोठं झाड?"

"पडलं."

"गिरणीचा भोंगा?"

"तिथे गाड्या धुतात."

भाचीला रडू यावं की हसू, कळेना. आधी रडली, मग तिला पार्सलवाले आठवले आणि ती हसायला लागली, मग पुन्हा रडली. "झाडाचं काय, खोडून टाकता येईल. पण होडी खोडली तर वाट मधोमध तुटते. पुलावरून मोटारीनं फेरा मारायचा, तर ती पायवाट कसली? मी आत्ता फोन करून सांगते, नकाशा चुकलाय म्हणून."

कप्तानबाईंनी तिच्या हातातला फोन काढून घेतला. मग, बोलता बोलता, बऱ्याच वर्षांनी त्यांचा आवाज पूर्ववत वर चढला. "नकाशाला हात लावू नकोस. नकाशा बरोबर आहे, नदीच चुकलीय. ती मी दुरुस्त करते."

"आणि पाहणीच्या बाईंना?"

"त्यांना खरं ते सगळं सांगू. पण होडीत बसवून सांगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्यांना नोटीस मिळाली. त्यांनी जो कालवा केला तो ऐकून शेजारपाजारचे धावत आले, आणि आलेच आहेत तर म्हणून कप्तानबाईंनी त्यांना होडी उचलायला लावली. भट्टीवाल्यांचा नातू, केस कापणारा, गाड्या धुणारे, सगळ्यांनी मिळून ती घाटावर नेली. होडी सुलटी झाली तेव्हा आतून वाळकं गवत, पिसं आणि तीन अंडी निघाली. मास्तरांनी अंडी टोपीत घातली.

मग कप्तानबाईंनी सगळ्यांच्या देखत होडीत दगड भरले आणि ती काठाच्या उथळ पाण्यात बुडवली.

लोक हादरले. "डोकं फिरलं बाईचं," असं एकजण म्हणालाच. पण होडीवाल्यांची ही जुनी रीत. वर्षानुवर्षं कोरड्यावर पडलेल्या होडीच्या फळ्या आकसतात, फटी पडतात. तशीच पाण्यात ढकलली तर ती दहा हातांवर जाऊन तळ गाठेल. म्हणून ती आधी आपणच बुडवून ठेवायची. फळ्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींना घट्ट धरतात, आणि फटी मिटतात. कप्तानबाई रोज सकाळ-संध्याकाळ काठावर बसून बुडालेल्या होडीकडे बघत राहायच्या. चेहरा असा की बाळाला झोपवून बसल्यात.

रविवारी हॉटेलवाले टेम्पोत नवंकोरं खुराडं घालून आले. अंगण रिकामं बघून चक्रावले.

"कप्तानबाई, होडी कुठाय?"

"बुडाली."

"अरेरे! कशी काय?"

"मी बुडवली."

मास्तर मध्ये पडले, चहा पाजला, सगळी हकिकत सांगितली. "वाट मंजूर झाली तर माणसं पायी तुमच्याच दारावरून येणार. झाडं बघायची की गिऱ्हाईक?" मास्तर एरवी अबोल, पण माप अचूक घेतात. हॉटेलवाल्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "पाहणी होईपर्यंत थांबतो. होडी तरंगली तर तुमची, नाही तरंगली तर माझी." खुराडं परत न्यायला मात्र त्यांचं मन होईना, कारण कोंबड्या तोवर त्यात जाऊन बसल्या होत्या.

पाहणीच्या आदल्या दिवशी दगड काढले, पाणी उपसलं. होडी वर आली, डुलली, आणि सगळ्यांनी श्वास रोखून आत बघितलं. फळ्या फुगल्या होत्या. पण कोंबड्यांनी जिथे उकरून उकरून लाकूड झिजवलं होतं, तिथली एक फट मिटली नव्हती, आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं. डांबर एकटं तिथे टिकणार नव्हतं. मास्तरांनी कप्तानबाईंचा चेहरा बघितला.

आणि मग जे घडलं ते गावानं कधी बघितलं नव्हतं. मास्तर दुकानात गेले, कापडाच्या चिंध्यांचं बोचकं घेऊन आले, चपला काढल्या, आणि स्वतःहून, उघड्या डोळ्यांनी होडीत उतरले. गुडघ्यावर बसून त्यांनी चिंध्यांना पीळ घातला, डांबरात बुडवल्या आणि फटीत एकेक ठासत गेले. अरुंद जागी बारीक, रुंद जागी जाड. होडी हलली की त्यांचे ओठ पांढरे व्हायचे, पण हात थांबत नव्हता. "अहो, बस झालं," कप्तानबाई दोनदा म्हणाल्या. "गप्प बस, शिवण उसवेल," मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला "गप्प बस" म्हणायची त्यांची ही पहिली वेळ. आणि त्या खरंच गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशी पाहणीच्या बाई आल्या. मध्यम वयाच्या, पायात चांगले बूट, हातात नकाशा दाखवणारं यंत्र, चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटू न देणाऱ्या. भाची त्यांना बाजाराच्या टेकडीवरून घेऊन निघाली. पायऱ्यांची विहीर त्यांनी वाकून बघितली, फोटो काढले. मग नदीच्या पैलतीरावर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "होडी?"

भाचीनं ऐलतीराकडे बोट दाखवलं. तेवढ्यात समोरून हाक आली. "येऽऽते!" ऐलतीरावरची गुरं उठून उभी राहिली.

कप्तानबाईंनी वल्हं मारलं. पहिल्या दोन हातांना खांदा कुरकुरला, तिसऱ्याला ओळख पटली. गाव काठावर उभं होतं. होडी सरळ येत होती, आणि तळाशी, चिंध्यांची फट तळव्यानं दाबून, मास्तर बसले होते.

दोघींना घेऊन होडी परत फिरली, तेव्हा ठरल्याप्रमाणे भाचीनं सगळं सांगून टाकलं. होडी बंद होती, ती कोंबड्यांखालून काढली, झाड पडलंय, भोंगा नाही. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी नदीवर येऊन बघायला हवं होतं."

"निम्मी माझी," कप्तानबाई वल्हं न थांबवता म्हणाल्या. "मला ठाऊक होतं, नि मी बोलले नाही."

पाहणीच्या बाईंनी तळाशी बसलेल्या मास्तरांकडे बघितलं. "हे काय करतायत?"

"मी काही करत नाहीये," मास्तर म्हणाले. "मी भितोय."

बाई हसल्या. इतक्या मोकळ्या हसल्या की होडी हलली आणि मास्तर आणखी भ्याले. मग त्यांनी आपलं यंत्र कप्तानबाईंसमोर धरलं. "हे बघा." पडद्यावर निळी नदी होती, ठिपक्यांची रेघ होती, आणि तिच्यावरून एक छोटासा निळा गोल हळूहळू सरकत होता.

"हे काय?" कप्तानबाईंनी विचारलं.

"हे आपण," बाई म्हणाल्या.

कप्तानबाईंनी वल्हं उचललं, तर गोल मंदावला. वल्हं मारलं, तर गोल पुढे गेला. त्यांनी पुन्हा मारलं. पुन्हा गोल सरकला. आणि मग ही बाई, जिच्या तोंडाला अख्खं गाव वचकून असायचं, भर नदीत मोठ्यानं रडायला लागली आणि रडतारडताच हसायला लागली. आनंदच इतका झाला होता की एका तोंडात मावेना.

वाट मंजूर झाली. अटी होत्या: परवाना काढायचा, तरंगायची जाकिटं ठेवायची, ती फट सुताराकडून नीट करून घ्यायची. शेवटच्या अटीवर मास्तर जरा नाराज झाले. पडलेल्या झाडाचं नि भोंग्याचं पाहणीच्या बाईंनी वेगळंच केलं. त्या खुणा पुसू नका म्हणाल्या, करड्या रंगात 'पूर्वी इथे' असं लिहून ठेवा. आता लोक नकाशा हातात धरून गाड्या धुण्याच्या जागी उभे राहतात आणि नसलेल्या भोंग्याबद्दल गावकऱ्यांना विचारतात. गावकऱ्यांना यापरतं सुख नाही. पायऱ्यांच्या विहिरीतला गाळ निघाला. हॉटेलवाल्यांनी फुलझाडं जुन्या टबात लावली, आणि आपल्या पाहुण्यांना घेऊन स्वतःच घाटावर येऊन "कप्तानबाई!" म्हणून हाका मारतात.

भाची पुढच्या नकाशासाठी दुसऱ्या खोऱ्यात गेली, पण सुट्टीत आली की होडीनंच येते. परवा ती घाटावर उतरली तर एक नवा पार्सलवाला मोटारसायकल थांबवून केस कापणाऱ्याला मास्तरांच्या दुकानाचा पत्ता विचारत होता.

"सोप्पं आहे," केस कापणारा म्हणाला. "मोठ्या झाडापाशी डावीकडे. मग सरळ जा. जिथे होडी पालथी आहे ना, तेच घर."

पार्सलवाला निघून गेला. भाचीनं मावशीकडे बघितलं. कप्तानबाई होडीत उभ्या राहून पाणी उपसत होत्या.

"ऐकलंस ना मावशी? आता नकाशात काय लिहू?"

"लिही की," कप्तानबाई होडीच्या फळीवर थाप मारत म्हणाल्या. "करड्या रंगात लिही. पूर्वी इथे कोंबड्या होत्या." आणि पैलतीरावरून कुणाची तरी हाक आली, म्हणून त्यांनी वल्हं हातात घेतलं.